शर्यत संपल्यानंतरची वीस वर्षं

पावसाळा तोंडावर आला की महालक्ष्मी रेसकोर्सवरचे घोडे पुण्याला जातात आणि ऑक्टोबरात पुण्याचा मोसम आटोपला की पुन्हा मुंबईला येतात. ही ये-जा वर्षानुवर्षं सायन-पनवेल रस्त्यानं, कळंबोलीवरून होत आली आहे. आपल्या नावडे फाट्यापासून कळंबोली अगदी जवळ. तळोजा एमआयडीसीतले टँकर, कंटेनर आणि पोलाद वाहणारे ट्रेलर यांच्या गर्दीतून एखादी उंच, बंद गाडी निघून जाते. तिच्यात पाचपाचशे किलोंची, लाखो रुपयांची आणि स्वभावानं भित्री जनावरं उभी आहेत, हे शेजारच्या रिक्षावाल्यालाही कळत नाही.

त्या गाडीत घोड्याला बांधलेली दोरी किती लांब आहे, यावर त्याची तब्येत अवलंबून असते. घोडा चरतो तेव्हा कित्येक तास त्याची मान खाली असते. श्वासनलिकेतला कफ, धूळ आणि जंतू त्या वेळी उतारानं बाहेर येतात. प्रवासात डोकं वर बांधून ठेवलं की हा निचरा थांबतो, जंतू फुफ्फुसात उतरतात आणि दोन-तीन दिवसांनी घोडा तापानं फणफणतो. मुंबई-पुणे हे काही तासांचं अंतर, त्यात धोका कमी. पण हेच घोडे शर्यतींसाठी बेंगळुरू, हैदराबाद, कोलकात्यालाही नेले जातात. वाटेत ठरावीक वेळानं गाडी थांबवून घोड्याला मान खाली घालू देणं, पाणी दाखवणं आणि मुक्कामाला पोचल्यावर दोन-तीन दिवस ताप मोजत राहणं एवढं केलं तरी पुष्कळ आजार टळतात. याला पैसे फारसे लागत नाहीत, लक्ष लागतं.

शर्यतीच्या घोड्यांच्या हालांचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं चाबकापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. चाबकाबद्दल पुढे लिहिणारच आहे. पण साधा हिशेब आधी पाहू. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस ते तीस वर्षं जगतो. शर्यतीत तो दोन वर्षांचा असताना उतरतो आणि सहा-सात वर्षांचा होईतो बहुतेकांची कारकीर्द आटोपलेली असते. म्हणजे आयुष्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग शर्यत संपल्यानंतरचा. त्या भागाची जबाबदारी नेमकी कुणाची, याचं उत्तर भारतातल्या रेसिंगनं अजून दिलेलं नाही, आणि माझ्या मते या विषयाचा गाभा तोच आहे.

जन्माची नोंद मात्र आपल्याकडे चोख होते. शर्यतीच्या थरोब्रेड जातीच्या घोड्यांची देशभरची वंशनोंद ठेवणारी स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडिया पुण्यात आहे. शिंगरू जन्मलं की डीएनए तपासून त्याच्या आईबापांची खात्री केली जाते, अंगावरचे भोवरे आणि पांढरे पट्टे टिपले जातात, मानेत मायक्रोचिप बसते. वय मात्र सगळ्यांचं १ जानेवारीला वाढतं. जानेवारीत जन्मलेलं शिंगरू आणि एप्रिलमधलं शिंगरू कागदावर एकाच वयाची ठरतात, हाडांच्या हिशेबात मात्र त्यांच्यात मोठा फरक असतो. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरची वाढीची कूर्चा साधारण दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान भरून येते, मणक्यांची तर पाच वर्षं उलटल्यावर. त्यामुळे कोणत्या घोड्याला कधी भरधाव सोडायचं, हे दाखल्यावरच्या वयापेक्षा गुडघ्याच्या एक्स-रेवरून ठरलेलं बरं. एक गोष्ट आपल्याकडे बरी आहे: १९४३ साली महालक्ष्मीला सुरू झालेली इंडियन डर्बी फेब्रुवारीत, चार वर्षांच्या घोड्यांसाठी धावली जाते. इंग्लंडची मूळ डर्बी तीन वर्षांच्या घोड्यांची असते. तेवढेच काही महिने इथल्या हाडांना जास्तीचे मिळतात.

कोवळ्या घोड्याला अजिबात पळवू नये, असं अनेक प्राणिप्रेमींना वाटतं. संशोधन याच्या उलट सांगतं. हाड जिवंत असतं, भार पडेल तसं ते त्या दिशेनं जाड आणि घट्ट होतं. तबेल्यात कोंडलेल्या शिंगराचं हाड कच्चं राहतं, कुरणात मोकळं हुंदडलेल्याचं मजबूत होतं. घात होतो तो एकदम वाढवलेल्या वेगानं आणि विश्रांती न देण्यानं. भरधाव घोड्याच्या पुढच्या एका पायावर एका टापेला त्याच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, म्हणजे बाराशे किलोंच्या आसपास भार येतो. त्यानं हाडात केसासारखे बारीक तडे जातात. शरीर ते दुरुस्त करतं, पण आधी जुनं हाड पोखरून काढतं आणि मग नवं भरतं. पोखरणं काही आठवड्यांत उरकतं, भरण्याला महिने लागतात. मधल्या काळात ते हाड पूर्वीपेक्षा कमजोर असतं. शर्यतीत पाय मोडून घोडा कोसळतो तेव्हा प्रेक्षकांना तो अपघात वाटतो. प्रत्यक्षात अशा बहुतेक हाडांत आधीचे तडे सापडतात.

ते वेळीच सापडावेत म्हणून आज परदेशात पेट स्कॅनसारखी यंत्रं आली आहेत. पण पहिलं यंत्र म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या सइसाचा हात. पहाटे घोडा बाहेर काढण्याआधी जाणता सईस त्याच्या चारही पायांवरून वरून खाली तळवा फिरवतो. नळीवर एका जागी जरा जास्त ऊब लागली, कालच्यापेक्षा सांधा किंचित भरलेला वाटला, खूर उचलताना घोड्यानं पाय आखडून घेतला, तर काहीतरी बिनसलंय हे त्याला डॉक्टरच्या आधी कळतं. प्रश्न असा, की त्याचं म्हणणं ट्रेनरपर्यंत जातं का आणि शर्यत दोन दिवसांवर आलेली असताना कुणी ते ऐकतं का. घोड्याचं भलं व्हायचं असेल तर सइसाचा पगार, त्याचं शिक्षण आणि त्याच्या शब्दाला तबेल्यात असलेलं वजन, हे तिन्ही वाढायला हवं.

मोजमाप ठेवलं की फरक पडतो, हे अमेरिकेनं दाखवलं. तिथे २००९ पासून शर्यतींत झालेल्या घोड्यांच्या मृत्यूंची एकत्र नोंद ठेवली जाते. पहिल्या वर्षी दर हजार धावांमागे २ घोडे दगावले होते. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता मैदानावर एकामागून एक घोडे मेले, देशभर गदारोळ झाला, २०२० मध्ये केंद्रीय कायदा झाला आणि २०२२ पासून सुरक्षेचे समान नियम लागू झाले. २०२३ मध्ये हा दर हजारी १.३२ वर आला होता. आपल्याकडच्या शर्यती भरवणाऱ्या प्रत्येक टर्फ क्लबनंही असे आकडे दर वर्षी, मैदानवार आणि कारणांसकट, लोकांसमोर ठेवायला हवेत. त्यात लाज वाटण्याजोगं काही नाही, लपवण्यात आहे.

आता तबेला. शर्यतीचा घोडा दिवसातून तास-दोन तास बाहेर असतो, उरलेला वेळ खोलीत. निसर्गात हाच प्राणी सोळा-सतरा तास चरत चालतो. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, पोट रिकामं असो वा भरलेलं. चरताना तोंडात सुटणारी लाळ ते आम्ल शमवते. आपण त्याला काय देतो? दिवसातून दोन-तीन वेळा ओट आणि हरभऱ्याची भरपूर चंदी, आणि मध्ये लांबच लांब खंड. परिणामी सरावातल्या घोड्यांच्या जठरांत दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा बहुसंख्य घोड्यांना व्रण आढळले, काही पाहण्यांत हे प्रमाण ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत गेलं. पोट दुखणारा घोडा सांगू शकत नाही. तो चंदी अर्धी टाकतो, खोगिराचा पट्टा आवळताना चावायला धावतो, आणि मग लोक त्याला खोडकर म्हणतात. काही घोडे दाराच्या कडेवर दात रोवून हवा गिळतात, काही तासन्‌तास जागच्या जागी डावी-उजवीकडे झुलत राहतात. याला खोड म्हणून गळ्याभोवती पट्टा आवळण्याचा उपाय अजूनही केला जातो. तो चुकीचा आहे. कोंडलेपणाचा आणि उपाशी पोटाचा त्रास त्या हालचालीतून बाहेर पडत असतो, ती बंद पाडली तरी त्रास तसाच राहतो. उपाय जुना आणि स्वस्त आहे: सतत तोंडात राहील इतकं वाळलं गवत, शेजारच्या घोड्याचं तोंड दिसेल अशी खिडकी, आणि रोज थोडा वेळ तरी खोगीर-लगामाशिवाय मोकळं फिरणं. मुंबईत जागेची चणचण आहे हे खरं. पण २११ एकरांच्या आसपासच्या मैदानावर घोड्याला मोकळं फिरायला चार वाफे सापडू नयेत, हे पटत नाही.

मुंबईची दमट हवा हा आणखी एक मुद्दा. घोडा माणसासारखाच घामानं थंड होतो. सतत दमट उष्म्यात राहून काही घोड्यांचं घाम येणंच बंद पडतं, मग थोड्या सरावानंही अंग धगधगतं. पहाटेचा सराव, शर्यतीनंतर लगेच अंगावर भरपूर गार पाणी आणि सावली एवढं तरी न चुकता व्हायलाच हवं.

चाबकाबद्दल आता पुरावा स्पष्ट आहे. घोड्याची कातडी जाड, त्याला फारसं लागत नाही, असं पूर्वी सांगत. २०२० मध्ये सिडनीच्या संशोधकांनी घोड्याची आणि माणसाची त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून पाहिली. वेदना पोचवणारे मज्जातंतू दोन्हीकडे सारखेच निघाले. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या शर्यतींच्या एका अभ्यासात चाबूक वापरलेल्या आणि न वापरलेल्या शर्यतींच्या वेगात वा सुरक्षिततेत फरक दिसला नाही. नॉर्वेनं तर १९८२ मध्येच वेगासाठी चाबूक मारणं बंद केलं. ब्रिटननं २०२३ पासून सपाट शर्यतीत सहा फटक्यांची मर्यादा घातली आणि ती फारच ओलांडली तर घोडाच बाद ठरवायला सुरुवात केली. वेदना होऊनही उपयोग नसेल तर फटका कशासाठी ठेवायचा? माझं मत स्वच्छ आहे: जॉकीला संकटात घोडा वळवण्यापुरती काठी द्यावी, पळवण्यासाठी नको.

आणि मग एक दिवस घोडा मागे पडू लागतो. त्याच्या पुढच्या वाटा ठरलेल्या आहेत. उत्तम वंशाच्या घोड्या आणि मोजके नर पैदाशीसाठी स्टड फार्मवर जातात. काही नशीबवान घोडे घोडेस्वारीच्या क्लबांत जातात. महालक्ष्मीच्याच आवारातला अमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२ पासून आहे आणि तिथे निवृत्त रेसचे घोडे अडथळ्यांच्या उड्या शिकून पुढची अनेक वर्षं काम करत आले आहेत. बाकीचे विकत विकत खाली उतरतात: डोंगरावरच्या पर्यटनस्थळी, चौपाटीवर, लग्नाच्या वरातीत. रेसच्या घोड्याला आयुष्यभर एकच गोष्ट शिकवलेली असते, पाठीवर माणूस बसला की पुढे झेपावायचं. त्याला थेट डीजेच्या भिंतीपुढे किंवा लहान मुलांच्या गर्दीत उभं करणं घोड्याला आणि माणसाला दोघांनाही धोक्याचं आहे. मधे काही महिने कुरणावर मोकळं सोडणं, चंदी उतरवून गवतावर आणणं, मग उभं राहणं, सावकाश चालणं, मागे सरणं नव्यानं शिकवणं, ही पायरी लागते. तिचा खर्च कुणी करायचा, इथे गाडं अडतं.

एक वाट आपल्या घरापर्यंत येते. नावड्याच्या आसपास अजून भाताची खाचरं आहेत, पावसाळ्यात घोणस आणि मण्यार घराच्या पडवीपर्यंत येतात. सर्पदंश झाला की सरकारी रुग्णालयात जे प्रतिविष टोचतात ते घोड्याच्या रक्तातून येतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष अगदी थोड्या मात्रेत घोड्याला टोचतात आणि काही आठवडे मात्रा वाढवत नेतात. घोड्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात. मग मानेच्या शिरेतून रक्त पिशवीत घेतात, त्यातला पिवळसर द्रव वेगळा काढतात, लाल पेशी शक्यतो त्याच घोड्याला परत चढवतात. त्या द्रवावर प्रक्रिया करून वाळवलेली पांढरी पूड कुपीत भरली जाते. भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात असा २०२० मधल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. या पुडीविना तो आकडा किती वाढला असता, याची कल्पनाच केलेली बरी.

रेसच्या घोड्यांचा या धंद्याशी असलेला संबंध महाराष्ट्रात फार जुना आहे. पुण्यातल्या पूनावाला घराण्याचा स्टड फार्म १९४६ चा. तिथले निवृत्त घोडे सीरम तयार करण्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात. घोडे आपले, मग सीरम आपणच का बनवू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि तिचं सुरुवातीचं उत्पादन होतं धनुर्वातावरचं घोड्यांच्या रक्तातलं औषध. जगभर लशी पुरवणाऱ्या या कंपनीची सुरुवात अशी शर्यत संपलेल्या घोड्यांपासून झाली. सीरमचे सगळे घोडे रेसचे नसतात, त्यात साधे घोडे, खेचरंही असतात. पण ज्यांच्या रक्तावर माणसं जगतात त्यांची स्थिती काय? भारतीय पशुकल्याण मंडळानं २०१६ च्या सुमारास देशातल्या अशा तबेल्यांची पाहणी केली, तेव्हा रक्तक्षय झालेले, खूर सडलेले, डोळे गेलेले, जखमा चिघळलेले घोडे आढळले. एका वेळी वजनाच्या साधारण दीड टक्क्याहून जास्त रक्त काढू नये आणि दोन वेळांत पुरेसं अंतर ठेवावं, हे संकेत आहेत. ते पाळले जातात की नाही हे बाहेरच्या डॉक्टरनं अचानक जाऊन पाहिलं पाहिजे. घोड्यांवाचून प्रतिविष बनवण्याचं संशोधन सुरू आहे, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं २०२४ मध्ये नाग-मण्यार कुळातल्या विषांवर प्रयोगशाळेत घडवलेलं प्रतिद्रव्य जाहीर केलं. ते कुपीत येईपर्यंत घोड्याला पर्याय नाही, आणि म्हणूनच त्या घोड्याची चंदी, खुरं आणि विश्रांती यांत काटकसर करण्याचा कुणालाही हक्क नाही.

काळ घोड्यांना अनुकूल नाही. पैजेच्या पूर्ण रकमेवर आधी २८ आणि सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी लागतो. महालक्ष्मीच्या जमिनीपैकी १२० एकर महापालिकेच्या उद्यानाला देण्याचा आणि ९१ एकर तिथल्या टर्फ क्लबकडे ठेवण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. जुगाराला प्रोत्साहन नको, शहराला बाग हवी, दोन्ही मला मान्य आहे. पण धंदा आटला की पहिली झळ तबेल्यातल्या मुक्या जनावराला लागते. २०२५ च्या उन्हाळ्यात ५७ घोडे हैदराबादहून जबलपूरजवळच्या एका गावात नेले गेले. काही आठवड्यांतच त्यांतले आठाहून अधिक दगावले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. २०२४ मध्ये सिंगापूरनं शेवटची शर्यत घेतली, तेव्हा बंदची घोषणा वर्षभराहून आधी करून घोड्यांच्या पाठवणीला वेळ ठेवला होता. आपल्याकडे असा आराखडा आधीच तयार असायला हवा.

कायद्याच्या भरवशावर राहता येत नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० चा. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, आजही तेवढाच. मुंबईतल्या घोड्यांच्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयानं जून २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या, ते योग्यच झालं, पण असा निकाल एक काम थांबवतो, घोड्याला थान आणि चारा देत नाही.

करता येण्याजोगं फार अवघड नाही. मानेतली चिप घोड्याबरोबर मरेपर्यंत असते, मग नोंदही मरेपर्यंत चालू ठेवावी. घोडा विकला की नव्या मालकाचं नाव पुण्याच्या नोंदवहीत चढावं, मेला की कारण लिहिलं जावं. २००६ मध्ये महाराष्ट्रात घोड्यांत ग्लँडर्स आढळला होता. हा रोग माणसाला होतो आणि तसा घोडा मारावाच लागतो. कोणता घोडा कुठून कुठे गेला हे ठाऊक असणं सार्वजनिक आरोग्यासाठीही गरजेचं आहे. पैशांचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये बक्षिसांच्या रकमेतला एक टक्का घोड्यांच्या निवृत्तीसाठी बाजूला पडतो. ब्रिटनमध्ये २००० पासून निवृत्त घोड्यांना नवं काम शिकवणारी संस्था रेसिंगच्याच पैशांवर चालते. मुंबई-पुण्याच्या क्लबांनी डर्बीपासून सुरुवात करून एवढा एक टक्का काढला, तर मावळात किंवा कर्जतकडे निवृत्त घोड्यांचं एक चांगलं कुरण उभं राहू शकतं.

बहुतेक वाचकांचा रेसकोर्सशी काही संबंध येणार नाही, पण घोड्याशी येतो. नावड्याहून माथेरान जवळ आहे. दस्तुरी नाक्यावर घोडा ठरवाल तेव्हा भाव करण्याआधी खोगीर उचलून पाठ दाखवायला सांगा. काळ्या-तांबड्या अंगावर खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर तिथे पूर्वी जखम होऊन गेलेली आहे. ओली जखम असेल, बरगड्या मोजता येत असतील, चालताना एका पायावर डोकं वर-खाली होत असेल, तर त्या घोड्यावर बसू नका, आणि का बसत नाही हे घोडेवाल्याला नीट, गोडीत सांगा. तंदुरुस्त घोडा असेल तर त्याला ठरलेल्यापेक्षा थोडे जास्त द्या. घरच्या लग्नात घोडी सांगाल तेव्हा फटाके आणि डीजे तिच्यापासून लांब ठेवा, पाणी ठेवा, आणि तास-दीड तासात तिला मोकळं करा.